येमूलबाई आणि तीनचा भोंगा

येमूलबाईंशी बोलताना आपलं वाक्य पूर्ण होईल याची खात्री नसे. आपण अगदी रंगात येऊन काही सांगत असावं, आणि बाईंचं बोट एकदम वर जावं. "थांबा!" मान तिरकी, डोळे बारीक, ओठ पुटपुटताहेत. लांब कुठंतरी वीज चमकलेली असे, नाहीतर समोरच्या गच्चीवर कुणी गादी झोडपत असे. काठी दिसते कधी आणि आवाज येतो कधी, हे बाई मोजत असत. मोजून झालं की, "हं, तर काय म्हणत होता?" असं शांतपणे विचारत. तोवर आपण काय म्हणत होतो ते आपणच विसरलेलो असू.

एकाहत्तरची लढाई होऊन दोनेक वर्षं झाली असतील. सोलापुरात भवानी पेठेतल्या मुलींच्या शाळेत मी मराठी शिकवत होते आणि बाई विज्ञान शिकवायला आल्या. घर विणकरांचं. वडील, काका, मामा, सगळे मागावर. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि दोन्हीकडे बोलणं सारखंच फास्ट. पण मोजायची वेळ आली की बाई हटकून तेलुगूत शिरत. ओकटी, रेंडु, मूडु, नालुगु... मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "शिंदेबाई, लहानपणी मामाच्या मागाशेजारी बसून धोट्याच्या फेऱ्या मोजत होते. मोजणं मला मराठीत आलंच नाही." मामांनीच त्यांना शिकवलं होतं. पोरीला कॉलेजात कशाला घालता म्हणून सगळी जात विचारत होती, तेव्हा हा माणूस एकटा उभा राहिला होता. बाई त्यांचं नाव घेताना आवाज जरा खाली आणत.

त्या सायकलवरून शाळेत येत. आमच्या मुख्याध्यापिकेला, म्हणजे मोठ्या बाईंना, ते मुळीच पसंत नव्हतं. पण सायकलवाली रोज वेळेवर यायची आणि आम्ही चालत येणाऱ्या रोज उशिरा, त्यामुळे मोठ्या बाईंना बोलायला तोंड नव्हतं.

"मोजलंत का?" हा त्यांचा पेटंट प्रश्न. आज उकाडा फार आहे म्हणावं, तर "मोजलात का?" नववीच्या मुली फार गोंगाट करतात म्हणावं, तर "किती?" एकदा मी वैतागून म्हटलं, माझ्या सासूबाई दिवसभर टोचून बोलतात हो. बाईंनी गंभीरपणे सल्ला दिला, "वही ठेवा. रोज किती वेळा, ते लिहा." मी ठेवली नाही. एका वहीत भागलं नसतं.

आवाज हे त्यांचं वेड होतं आणि आवाजापेक्षा जोरात पळणारी विमानं हे त्या वेडाचं शिखर. पेपरात अशा विमानांची बातमी आली की शिक्षक-खोलीतला पेपर दुपारपर्यंत भोकाचा होई. मी मराठीची बाई, मला त्यातलं ढिम्म कळत नव्हतं. एकदा मधल्या सुट्टीत त्यांनी मला धरलंच.

"हे बघा, मी सायकलवरून येतेय. घंटी वाजवतेय, ट्रिंग ट्रिंग. घंटीचा आवाज माझ्या पुढं पळतो. तुम्ही ऐकता, बाजूला होता. होय की नाही? आता समजा, मी घंटीच्या आवाजापेक्षा जोरात आले. मग? मी पुढं, आवाज मागं! तुम्हाला काही ऐकूच येणार नाही. मी निघून गेले, की माझ्या वाटेवरच्या सगळ्या घंट्या एकावर एक रचून एकदम तुमच्या कानावर. ट्रिंग नाही, धडाम!"

"तोवर तुम्ही माझ्या अंगावरून गेलेल्या असाल," मी म्हटलं.

"तेही आहे," बाई म्हणाल्या. "आणि लोक म्हणतात विमानानं एकदा आवाजाला मागं टाकलं की एकदाच धडाम होतं. चूक! ते तसं पळत असेपर्यंत तो धडाम त्याच्या मागनं फरफटत जात असतो, नवरीच्या शालूसारखा. ज्याच्या अंगावरनं शालू जाईल त्याला ऐकू येईल. अय्यो, शिंदेबाई, एकदा तरी ऐकायला मिळायला पाहिजे हो!" असं म्हणताना त्यांनी माझा चहा सांडला, आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

मोठा धडाम मिळेना, तेव्हा बाईंनी लहान शोधून काढला. एका मंगळवारी शाळेच्या फाटकाशी पोतराज आला. कमरेला रंगीत चिंध्यांचा घेर, हातात आसूड. त्यानं आसूड हवेत फिरवून फाट्‌कन वाजवला आणि वरच्या मजल्यावरून बाई अख्खी नववी घेऊन खाली धावल्या.

"मामा, परत एकदा वाजवा. पण हळू!"

"हळू वाजत न्हाय बाई त्यो," पोतराज म्हणाला. "जोरात फिरला तरच वाजतो. हळू फिरीवला तर मुका ऱ्हातो."

"ऐकलंत?" बाई मुलींकडे वळून जवळजवळ ओरडल्या. "यांना ठाऊक आहे! मुठीकडं जाड, टोकाला बारीक. हाताचा झटका टोकाकडं जाता जाता वाढत जातो, वाढत जातो, आणि शेवटी टोक आवाजाच्या पुढं पळतं. आसूड कशाला लागून वाजत नाही. हवेतच वाजतो! होय ना मामा?"

"व्हय की. अंगाला लागायच्या आधीच बोलतो त्यो," पोतराज म्हणाला. एवढ्या आदरानं त्याला आजवर कुणी काही विचारलं नसावं. त्यानं आसूड बाईंच्या हातात दिला. "मनगट ढिलं सोडा की बाई. झाडू मारतासा व्हय?"

पहिल्या खेपेला आसूड बाईंच्याच पायांना गुंडाळला गेला. दुसऱ्या खेपेला रामा शिपायाची टोपी उडाली. तिसऱ्या खेपेला तो वाजला. फाट्! मुली टाळ्या पिटताहेत, बाईंचा अंबाडा सुटलेला, आणि मोठ्या बाई दारात.

"येमूलबाई, हे काय चाललंय?"

"मोठ्या बाई," बाई धापा टाकत म्हणाल्या, "मी आवाजाच्या पुढं गेले!"

पोतराजाला त्या दिवशी शिक्षक-खोलीत चहा मिळाला.

खरा धमाका झाला तो पुढच्या फेब्रुवारीत, तिसऱ्या प्रहरी. आभाळ स्वच्छ होतं. मी फळ्यावर लिहीत होते. एकदम धडाम-धडाम असा जोडीचा दणका बसला, खिडक्यांची तावदानं थरथरली, माझ्या हातातला खडू पडला, आणि तो जमिनीवर मोडून त्याचे तुकडे गडगडत थांबले तोच मिलचा तीनचा भोंगा सुरू झाला. मुली किंचाळल्या. कुणी म्हणालं भूकंप, कुणी म्हणालं मिलचा बॉयलर. जिन्यात येमूलबाई दोन-दोन पायऱ्या गाळत वर येत होत्या. "विमान! शिंदेबाई, विमान! दोनदा वाजला ना? नाकाचा एक, शेपटीचा एक!" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी इतकं सुखी माणूस क्वचित पाहिलंय.

संध्याकाळी बातमी आली तेव्हा ते सुख उतरलं. गावाच्या पूर्वेच्या टोकाला त्यांच्या मामांचा मागाचा कारखाना होता. त्याची जुनी भिंत त्या दणक्यानं कोसळली होती. दोन माग चिरडले होते आणि मामांच्या डोक्याला सात टाके पडले होते. कारखान्याच्या मागंच दुर्गप्पा वडाराची दगडखाण होती. त्यानं सुरुंगात दारू जास्त भरली, असं सगळी वस्ती म्हणत होती. दुर्गप्पा म्हणत होता, "त्या येळेला आमी सुरुंग लावलाच न्हाय. आमच्या बी डोक्यावरच वाजलं." विमान कुणीच पाहिलं नव्हतं. मामलेदारांनी चौकशी लावली आणि मामांनी भाचीला सांगितलं, "तू शिकलेली हायस. तू शोध."

बाईंना विमान हवं होतं. त्यांच्या मनानं ते केव्हाच पाहिलं होतं. पण मोजल्याशिवाय बोलायचं नाही, हा त्यांचा धर्म. त्यांनी पेठापेठांतून मुलींना एकच प्रश्न विचारायला पाठवलं, "आधी धमाका ऐकला की आधी भोंगा?" हा प्रश्न सोलापूरकरालाच सुचावा. आमचं सगळं गाव मिलच्या भोंग्यावर चालायचं. भोंग्याला शाळा सुटायची, भोंग्याला कुकर उतरायचा, भोंगा ऐकून माणसं घड्याळं लावायची. स्वतः बाईसुद्धा रोज शाळेत उभ्या राहून तीनच्या भोंग्याला आपल्या घड्याळाचा सेकंदकाटा जुळवून घ्यायच्या. भोंगा झाला म्हणजे साऱ्या गावात तीन वाजले. त्यावर कोण शंका घेणार?

उत्तरं आली. पश्चिमेला, मिलकडे, सगळ्यांनी भोंगा आधी ऐकला होता. पूर्वेला, खाणीकडे, धमाका आधी. म्हणजे धमाका पूर्वेला लवकर पोचला आणि पश्चिमेला उशिरा. म्हणजे तो पूर्वेकडून निघाला. बाईंनी नकाशावर खुणा केल्या, बराच वेळ बघत बसल्या, आणि मला म्हणाल्या, "विमान नव्हतं. खाणच." किती जिवावर आलं होतं त्यांना ते म्हणणं! पण त्यांनी तो कागद सही करून मामलेदारांना दिला. दुसऱ्या दिवशी खाण बंद झाली. तीस बिऱ्हाडं हातावर हात ठेवून बसली.

आठवड्यानं दुर्गप्पा शाळेत आला. काळाकभिन्न, दगडाच्या धुळीनं पापण्या पांढऱ्या झालेला. फाटकाच्या आत पाऊल टाकेना. बाई बाहेर गेल्या.

"बाय, तुमीच लिवलं म्हनं कागूद."

"होय. मी लिहिलं."

"मग एकदा खानीवर येऊन हुभ्या ऱ्हावा की. हितनंच कसं कळलं तुमाला?"

आम्ही दोघी दुसऱ्याच दिवशी गेलो. खाण रिकामी होती. घण बाजूला पडलेले, बाया झोपड्यांच्या सावलीत गप्प बसलेल्या. दुर्गप्पानं सुरुंगाची भोकं दाखवली, सगळी जुनी. बाई मान हलवत होत्या, पण त्यांचं समाधान होईना. त्यांचा नकाशा वेगळं सांगत होता. तीन वाजत आले तशी त्यांची नजर सवयीनं घड्याळाकडे गेली. काटा बारावर आला. भोंगा नाही.

"झोपला वाटतं भोंगेवाला," त्या म्हणाल्या. पाच सेकंद गेले. आठ गेले. दहाव्या सेकंदाला लांबून, बारीक आवाजात भोंगा आला.

बाईंचं बोट वर गेलं आणि तसंच राहिलं. मग त्या मटकन एका दगडावर बसल्या.

"अय्यो," त्या म्हणाल्या. "शिंदेबाई, मी गाढव आहे."

"काय झालं?"

"भोंगा! भोंगासुद्धा आवाजच आहे हो! तो काय सगळीकडं एकदम पोचतो? शाळेत पोचायला त्याला वेळ लागतो, इथं पोचायला आणखी दहा सेकंद. दरवर्षी आठवीला शिकवते मी, आवाजाचा वेग! आणि ह्या माणसाची खाण बंद केली!" त्यांनी खरोखर स्वतःच्या तोंडात मारून घेतली. दुर्गप्पा घाबरून पाणी आणायला धावला.

त्यानंतरचे चार दिवस म्हणजे नुसता धुमाकूळ. बाई सायकलवर आणि मी मागच्या कॅरिअरवर, माझ्या वयाला न शोभेशी. मिलपासून शाळा सुमारे दोन किलोमीटर, म्हणजे भोंग्याला सहा सेकंद. खाण साडेपाच, म्हणजे सोळा. आता धमाका आणि भोंगा यांच्यात नेमकं किती अंतर पडलं, ते हवं होतं. मामांच्या शेजारच्या कारखान्यात मागावर नरसम्मा होती. धमाक्याला दचकून तिच्या हातून सूत तुटलं होतं. तिनं टोक शोधलं, गाठ मारली, सूत ओढून घेतलं, आणि भोंगा झाला. बाईंनी तिला सूत तोडून पाच वेळा तेच करायला लावलं. विणकराचा हात तो, पाचही वेळा बारा सेकंद. शाळेत माझा खडू आम्ही दोघींनी मिळून आठवला. दणका, खडू पडला, मोडला, गडगडला, भोंगा. दोन सेकंद. आणि मिलमध्ये भोंग्याची दोरी ओढणारे म्हातारे महमदभाई म्हणाले, "रस्सी खींच्या, मन में चार गिन्या, उत्ते में धडाम! रस्सी हात में-इच थी, बाई."

बाईंनी तिथंच, मिलच्या फाटकाशी, पाटीवर मांडलं. खाणीपाशी सोळातून बारा गेले, चार. शाळेत सहातून दोन गेले, चार. मिलपाशी चारच. गावाच्या या टोकाला, मध्ये आणि त्या टोकाला, धमाका एकाच क्षणी! खाणीतून निघालेला आवाज मिलपर्यंत यायला सोळा सेकंद खातो. एका जागेवरून निघालेला कुठलाच आवाज असा सगळीकडे एकदम पोचत नाही. तो आडवा पसरून वरून आला होता. शालू अख्ख्या गावावरून गेला होता! "विमान!" बाई ओरडल्या. महमदभाईंनी भोंग्याची दोरी दचकून पुन्हा धरली.

पण हे आता सांगायचं कुणाला? मामलेदारांना, आणि मामांच्या समोर. खाणवाल्यावर दोष राहिला तर खाणवाला भिंत बांधून देणार, असं मामलेदारांनी म्हटलं होतं. खाण सुटली तर मामांची भिंत कुणी बांधायची? मामलेदारांनी खाणीवर फेरचौकशी ठेवली. आदल्या संध्याकाळी बाई माझ्याकडे आल्या. "मामानं मला शिकवलं," म्हणाल्या. "आणि मी त्याच्याच विरुद्ध उभी राहणार." मी त्यांच्यापुढं चहा ठेवला.

फेरचौकशीच्या दिवशी खाणीवर जत्रा लोटली. मामलेदार खुर्चीवर, विणकर एका अंगाला, वडार दुसऱ्या अंगाला, मामा डोक्याला पट्टी बांधून मध्ये. मोठ्या बाईंचं घड्याळ बाईंच्या घड्याळाशी जुळवून रामा शिपाई मिलच्या फाटकावर गेला होता. त्या घड्याळात तीन वाजले की महमदभाई दोरी ओढणार होते.

"साहेब, माझा आधीचा कागद चूक आहे," बाई म्हणाल्या. "तो फाडा. आता घड्याळ बघा. तिकडं भोंगा सुरू झालाय." तीन वाजले होते. खाणीत चिडीचूप. "ओकटी, रेंडु, मूडु..." बाई मोठ्यानं मोजत होत्या. दहावर आल्या तेव्हा मामलेदार हसले. "बाई, आज भोंगा रजेवर दिसतोय." पण विणकरांतल्या दोन बाया बाईंच्या बरोबर मोजायला लागल्या होत्या. मग वडारही लागले, त्यांचीही बोली तेलुगूच्या घरची. "पदमूडु! पदनालुगु! पदिहेनु! पदहारु!" आणि सोळाव्या आकड्याला, सगळ्यांच्या तोंडावर, भोंगा आला.

काय ओरडा झाला! मामलेदार खुर्चीवरून उठले. "पुन्हा सांगा," ते म्हणाले, आणि बाईंनी पाटी पुढं करून खडू, गाठ, दोरी, सगळं पुन्हा सांगितलं. त्यांनी दोनदा वजाबाकी करून पाहिली, आधीचा कागद मागवला आणि त्यावर आडवी रेघ मारली. खाण उद्यापासून चालू.

मामा तेवढे हसले नाहीत. "मग माझी भिंत कुणी पाडली?" त्यांनी विचारलं. "आभाळानं?"

"होय मामा," बाई म्हणाल्या. "आभाळानंच."

मामा उठून चालू लागले. त्यांच्यामागून सगळा गोतावळा गेला. त्या दिवसापासून त्यांनी बाईंशी बोलणं टाकलं. बाई सणाला गेल्या तर मामी पाणी देई, मामा उठून मागावर जाऊन बसत. शाळेत बाई पूर्वीसारख्याच बोट वर करून मोजत, पण मधूनच मोजणं अर्ध्यावर सोडून देत. मला ते बघवत नसे.

मे महिन्यात माझ्या यजमानांची करमाळ्याला बदली झाली. निरोप घ्यायला बाईंच्या घरी गेले तर कळलं, त्या मामांच्या कारखान्यावर आहेत. मला आश्चर्य वाटलं. जाऊन बघते तर कारखान्याच्या पडक्या बाजूला दुर्गप्पा आणि त्याची सात-आठ माणसं दगड बसवत होती. भिंत कमरेपर्यंत आली होती.

"तुम्हाला कुणी सांगितलं हे?" मी दुर्गप्पाला विचारलं.

"कुनी न्हाय," तो म्हणाला. "भिंत आमी पाडली न्हाय, बाय. पन भिंत बांधाया येती की आमाला."

भिंतीच्या आतल्या बाजूला मामा ओळंबा धरून उभे होते. बाहेरच्या बाजूला, भर उन्हात, पदर खोचून येमूलबाई दगडाच्या चिपा उचलून गवंड्याच्या हातात देत होत्या. मला बघून त्यांनी हात हलवला, पण आल्या नाहीत. दोघांच्या मध्ये कमरेएवढी भिंत, आणि ती प्रत्येक दगडागणिक वाढत होती. मी झाडाखाली थांबले.

मामांनी ओळंब्यावरून नजर काढली नाही. दोरीकडे बघतच ते म्हणाले, "पद्मा, उन्हात उभी ऱ्हाऊ नको. आत ये."

बाईंच्या हातातला दगड खाली पडला. त्या माझ्याकडे वळल्या आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा ओरडल्या, "शिंदेबाई! बोलला! मामा बोलला!" आणि दाराकडं जाण्याइतका धीर कुठला, साडी गुडघ्यापर्यंत उचलून त्या ओली भिंत ओलांडूनच आत गेल्या.